चिमणीहून धाकटं

दारावर टकटक झाली तेव्हा तपासताई सुट्या भागांच्या खोलीत, जुन्या केबलींच्या वेटोळ्यांमध्ये एका पालथ्या खोक्यावर बसून दूध काढत होती. खोलीला आतून कडी नव्हती. तिने दाराला खुर्ची टेकवली होती आणि टेकवल्यावर दोनदा ढकलून बघितली होती. तो तिचा स्वभावच. गॅस बंद केला तरी पुन्हा हात लावून बघणारी बाई ती. ऑफिसात तिचं नाव उगाच तपासताई पडलं नव्हतं.

"ताई, साहेब बोलावतायत," बाहेरून उस्तादचा आवाज आला. "गोठ्यातलं काम उरकलं की ये."

कुणीतरी फिस्सकन हसलं. तिने बाटलीचं झाकण घट्ट केलं, उलटी धरून गळत नाही ना बघितलं आणि ब्लाउजची बटणं लावली. बाटली अर्धीसुद्धा भरली नव्हती. राग आला की दूध उतरत नाही, हे तिला रजेवरून परतल्या परतल्याच कळलं होतं.

ऑफिस म्हणजे औषधांच्या एका भल्यामोठ्या गोदामाचा तळमजला. वर फडताळांच्या लांबच लांब रांगा, खाली ही चार टेबलं आणि एक थंडगार खोली. कुठलं औषध कुठल्या कप्प्यात, कुठल्या गाडीत काय चढलं, हे सगळं वरच्या माणसांच्या हातातल्या यंत्रांमधून खाली यायचं, आणि ते इकडून तिकडे पोचवणारे नेटवर्कचे स्विच रांगांच्या टोकांना लोखंडी पेट्यांमध्ये बसवलेले होते. एखादा स्विच बंद पडला की त्या रांगेतली माणसं हात बांधून उभी. म्हणून थंडगार खोलीतला मोठा पडदा दिवसभर एकेका स्विचला विचारत राहायचा, बाबा रे, बरा आहेस ना? तापलायस का? दमलायस का? स्विच बरा असला की पडद्यावर हिरवा ठिपका, नसला की लाल.

आता हे विचारणं म्हटलं तर साधं, म्हटलं तर धोक्याचं. बरा असलेला स्विच नुसतं बरं आहे म्हणून थांबत नाही. विचारत गेलं तर तो घरातलं सगळंच सांगतो: शेजारी कोण, कुठली वायर कुठे जाते, कुठलं दार उघडं आहे. म्हणून विचारणाऱ्याने आधी आपली ओळख पटवायची. नुसतं नाव सांगून भागणार नाही, सोबत पासवर्ड हवा, आणि स्विचने दिलेलं उत्तरही असं गुंडाळलेलं हवं की वाटेत कुणी ऐकलं तर त्याला अक्षर कळू नये. रजेवर जाण्याआधी पोट सावरत, जिने चढत, तपासताईने एकेका स्विचवर असा पक्का युजर, म्हणजे विचारणाऱ्याचं कुलूपबंद खातं, बसवला होता. जो बसवेल त्याच्या नावाचा युजर, ही त्या ऑफिसची जुनी रीत. सगळ्या स्विचवर तिचंच नाव होतं.

साहेबांच्या केबिनमध्ये उस्ताद आधीच खुर्ची ओढून बसला होता. हा तिच्याहून बराच जुना. बंद पडलेलं काहीही दोन टपल्या मारून चालू करायचा, म्हणून उस्ताद. ते कसं चालू झालं हे मात्र त्याला विचारायचं नसे.

"बसा ताई," साहेब म्हणाले. "परवा ते बाहेरचे परीक्षक येऊन गेले. त्यांनी आपला लॅपटॉप एका पेटीत लावला, तुमचं नाव टाकलं, पासवर्डच्या जागी काहीही टाकलं नाही. स्विच घडाघडा बोलायला लागला."

"कसं शक्य आहे? मी स्वतः..."

"तुमच्याच नावाचा युजर आहे ताई. उघडा. बिनकुलपाचा."

तिने उस्तादकडे पाहिलं. उस्ताद छताकडे बघत होता.

"मी काय म्हणतो," तो छताला उद्देशून म्हणाला, "आता झालं गेलं. त्या दिवशी पडदा लालेलाल झाला. मी हिला फोन केला. ही म्हणाली कुलूप काढा, करा काय करायचं ते. मी तिथल्या तिथे, त्याच दिवशी काढलं. माणूस बाईचं ऐकतो, मग बाईच कानावर हात ठेवते."

"कुठल्या दिवशी?"

"अगं, तुझी डिलिव्हरी झाली त्या दिवशी. तुला कसं आठवणार म्हणा. तू तुझ्या गडबडीत."

फोन आला होता हे तिला आठवत होतं. पुढचं काहीच आठवत नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ज्याची चूक त्याला रात्रपाळी. आपल्याकडचा नियम तुम्हाला माहीत आहे. मला शुक्रवारी वर नाव कळवायचंय. मला वैयक्तिक काही नाही हो ताई. पण युजर तुमच्या नावाचा, सांगणं तुमचं. माझ्यासमोर दुसरं काही नाही."

रात्रपाळी. ती टेबलाची कड धरून उठली. घरी तिची लेक होती, चिमणी. दात यायला लागलेले, पेज-बिज भरवलेलं निम्मं थुंकणारी, आणि रात्री आईला चिकटल्याशिवाय डोळा न मिटणारी. बाटली तोंडाला लावली की असा काही चेहरा करायची, जणू कुणी एरंडेल पाजतंय.

\*

"फोन आला होता की," सासूबाई म्हणाल्या. त्या मांडीवर चिमणीला घेऊन बसल्या होत्या आणि चिमणी त्यांच्या चष्म्याची दांडी चघळत होती. "मीच तुझ्या कानाला लावला होता. तो मेला ऐकायलाच तयार नव्हता. म्हटलं, अरे बाबा, पोरगी अडलीये, तर म्हणतो एकच मिनिट."

"मग मी काय म्हणाले, आई?"

"तू? तू आधी त्याला चांगल्या चार शिव्या हासडल्यास. मला तर बाई माहीतच नव्हतं तुला एवढ्या येतात."

"आणि मग?"

सासूबाईंनी चिमणीच्या तोंडातून चष्मा सोडवला. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. सुनेच्या हातची भाजी अळणी झाली तरी त्या तोंडावर सांगत. "मग म्हणालीस, करा काय करायचं ते. आणि फोन भिरकावलास."

"कुलूप काढा असं म्हणाले?"

"ते मी ऐकलं नाही. पण मी काय तुझ्या तोंडाला कान लावून बसले होते? मी तुझा हात धरला होता. बघ, अजून करंगळी दुखते माझी."

तपासताईने चिमणीला उचलून घेतलं. लेकीने लगेच मान वळवून ब्लाउजशी झटापट सुरू केली आणि पकड मिळाल्यावर समाधानाचा एक सुस्कारा सोडला, दिवसभर राबून घरी आलेल्या माणसासारखा. ती पीत असताना तिची मूठ आईच्या गळ्यातल्या साखळीवर उघडमीट करत होती.

म्हणाले असेन तर? तपासताईला वाटून गेलं. जगातला कुणीतरी काहीतरी विचारत होता आणि मला तो फक्त गप्प व्हायला हवा होता. म्हणालेही असेन.

नवऱ्याला तिने फोनवर सांगितलं. तो पुलाच्या कामावर दुसऱ्या गावी होता, महिन्याकाठी घरी येई. तो म्हणाला, "अगं, म्हणाली असशील तरी तेवढ्यावरून कुणी रात्रपाळी देतं का? साहेबांना समजावून सांग." जगातली सगळी माणसं समजावून सांगितलं की समजतात, अशी त्याची भाबडी समजूत होती. तिच्यावर विश्वास मात्र त्याचा पूर्ण होता, आणि त्याचा कवडीचा उपयोग नव्हता.

\*

दुसऱ्या दिवशी तिने लॅपटॉप काखेत मारला आणि गोदामात चढली.

तपासायची तिची एक पद्धत होती. बाकीचे बरोबर पासवर्ड टाकून बघत. उत्तर आलं, ठिपका हिरवा झाला, की झालं. ती उलट्या बाजूने सुरू करायची. आधी नुसतं नाव टाकून विचारायचं: स्विचने नाही म्हटलं पाहिजे. मग चुकीचा पासवर्ड: पुन्हा नाही. मग पासवर्ड बरोबर, पण उत्तर न गुंडाळता मागायचं: तरी नाहीच. हे सगळे नकार मिळाले की मग कुठे खरी किल्ली लावायची. आपल्या किल्लीने आपलं दार उघडतं यात काय नवल? दुसऱ्याच्या किल्लीने उघडत नाही, हे कोण बघणार? या पद्धतीपायी एका स्विचला चौपट वेळ जायचा आणि उस्ताद म्हणायचा, "ताईंच्या घरी पाव्हणा आला तर आधी तीनदा हाकलत असतील."

पहिल्या रांगेतल्या स्विचने तिला नाही म्हटलं. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदाही. तिला त्या धुळकट पेटीला मिठी मारावीशी वाटली. पुढचाही तसाच, त्यापुढचाही. तिने बसवलेलं कुलूप जसंच्या तसं होतं, कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

मागच्या बाजूला, जिथे गोदाम नव्याने वाढवलं होतं, तिथल्या पेटीशी आल्यावर मात्र नुसतं नाव टाकताच स्विच बोलायला लागला. थांबायचं नावच घेईना. तिच्या नावाने, ओळख ना पाळख, सगळं सांगत सुटला. शेजारचाही तसाच. त्या अख्ख्या बाजूला तिच्या नावाची दारं सताड उघडी होती.

ती एका खोक्यावर टेकली आणि विचार करू लागली. हे स्विच नवे होते. ती रजेवर गेली तेव्हा ही बाजू नुसती सिमेंटची होती. उस्तादने जुन्या स्विचच्या सेटिंगची नक्कल उचलून यांच्यावर ओतली असणार. आणि इथेच मेख होती. पक्का युजर नकलेत येत नाही. एक तर तो त्या सेटिंगमध्ये लिहिलेला दिसतच नाही, स्विचला वेगळं विचारावं लागतं. दुसरं म्हणजे त्याची किल्ली त्या एका यंत्राच्या स्वतःच्या ओळखीत मुरलेली असते. एकाची किल्ली दुसऱ्याला चालत नाही, प्रत्येक यंत्रावर तो नव्यानेच जन्माला घालावा लागतो. नक्कल ओतल्यावर पडद्यावर लाल ठिपके उमटले असतील. उस्तादने दोन टपल्या मारल्या असतील: नाव तेच, पासवर्ड नाही, गुंडाळणं नाही. ठिपका हिरवा. उघड्या दाराचा हिरवा आणि बंद दाराचा हिरवा, पडद्यावर सारखाच.

पण हे केव्हा केलं? तो म्हणतो, त्याच दिवशी.

मग तिला एकदम सुचलं. ओळख पटवायच्या आधी प्रत्येक स्विच दोन गोष्टी आपणहून सांगतो, कारण त्याशिवाय बोलणंच पुढे सरकत नाही. आपण आयुष्यात किती वेळा सुरू झालो, आणि या खेपेला सुरू होऊन किती वेळ झाला. कुणी जुनं बोलणं चोरून पुन्हा ऐकवू नये म्हणून केलेली ही सोय. रोज डोळ्यांखालून जायची, कुणी ढुंकून बघायचं नाही.

तिने बघितलं. उघडा स्विच सांगत होता, मी आयुष्यात एकदाच सुरू झालोय. आणि सुरू होऊन किती वेळ झाला, तो सेकंदांतला लांबलचक आकडा तिने भागत भागत मागे नेला, तेव्हा तो एका अशा आठवड्यात येऊन थांबला जो तिला दुसऱ्या कशाने नाही पण एका गोष्टीने पक्का आठवत होता. चिमणी पहिल्यांदा पालथी पडली होती. पडली आणि पुन्हा उताणं होता येईना म्हणून गादीत नाक खुपसून भोकाड पसरलं होतं, आणि सासूबाई आणि ती, दोघी हसून हसून रडल्या होत्या.

शेजारचा स्विच त्याच आठवड्यातला. त्यापुढचा त्याहून अलीकडचा.

म्हणजे ती कळा देत होती तेव्हा ही यंत्रं खोक्यात थर्माकोलमध्ये झोपलेली होती. ज्यांची कुलपं तिने म्हणे फोनवरून काढायला लावली, ती तिच्या लेकीहून धाकटी होती. आणि त्या दिवशी जी जागी होती, त्यांची कुलपं आजही शाबूत होती.

ती खोक्यावर बसल्या बसल्या हसायला लागली. वरून माल काढणाऱ्या बाईने शिडीवरून वाकून विचारलं, "काय झालं हो ताई?"

"काही नाही. यांचे वाढदिवस काढत होते."

\*

शुक्रवारी साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एकदा तर ते स्वतः तिच्याबरोबर वर आले, लॅपटॉपमध्ये डोकावले, स्विचचा आकडा स्वतः भागून बघितला. उस्तादला बोलावलं. उस्तादने आधी म्हटलं, यंत्र खोटं बोलत असेल. मग म्हटलं, तारखेत माझी जरा गफलत झाली असेल. मग कान खाजवत उभा राहिला.

"मानलं तुम्हाला, ताई," साहेब म्हणाले. आवाजात खरं कौतुक होतं. तिने मनाशी ठरवलं, घरी जाताना चिमणीसाठी एक रबराचं बदक घ्यायचं.

"मी वर कळवतो, चूक तुमची नाही," साहेब पुढे म्हणाले. "उस्तादला मी तोंडी समज देतो. काय उस्ताद? पुन्हा असं नको."

"नाही साहेब."

"आणि रात्रपाळी?" तिने विचारलं. स्वतःसाठी नव्हे, नियम म्हणून विचारलं.

"तेच बोलतोय." साहेब खुर्चीत पुढे सरकले. "आता हे सगळं परत नीट करावं लागणार. मागची बाजू तर आहेच, पण परीक्षक म्हणाले पुढच्या बाजूचेही पासवर्ड बदला, एकूण एक तपासा. आणि दिवसा स्विचला हात लावता येत नाही, माल चालू असतो. एक रांग थांबली तरी मला वरून फोन. म्हणजे हे रात्रीच करायचं."

तिला कळायला एक क्षण लागला.

"उस्ताद करेल की. त्याचीच..."

"उस्ताद?" साहेब हसले, आणि गंमत म्हणजे उस्तादही हसला, मोकळेपणी, जणू तो दुसऱ्याच कुणाबद्दलचा विनोद होता. "अहो ताई, ज्याने दारं उघडी टाकली त्यालाच परत कुलपं लावायला देऊ? तुम्हीच सांगा. तुम्ही जे आत्ता करून दाखवलंत ना, ते नकार तपासणं वगैरे, ते इथे दुसऱ्या कुणाला येत नाही. तुमच्याशिवाय कोण? मी वर तुमचंच नाव सुचवलंय. शिक्षा म्हणून नाही हां, गैरसमज नको. विश्वास म्हणून."

"साहेब, माझी मुलगी अजून अंगावर पिते."

साहेब ओशाळले. भल्या माणसासारखे ओशाळले, फाइल उगाच सरळ केली. "मी समजू शकतो. मलाही मुलं आहेत. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. चार महिने धरा. दिवसाचा पडदा तोवर उस्ताद सांभाळेल."

"मी शिकवते कुणाला तरी."

"रात्रीच शिकवावं लागेल ना ते?" साहेब म्हणाले आणि त्यांनी फाइल मिटली.

बाहेर पडताना उस्तादने तिच्यासाठी दार धरलं. "बघ तपासताई," तो हळूच म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, तेच जास्त लागलं. "मी कधी काही एवढं नीट करत नाही, ते का? केलं की गळ्यात पडतं."

\*

"चूक तुझी नाही ना निघाली? मग झालं," सासूबाई म्हणाल्या. पुढचं ऐकल्यावर त्या उठल्या, दुधाची बाटली कोमट पाण्यात ठेवली, वाटी-चमचा उकळून घेतला.

"काय करताय, आई?"

"सोमवारपासून जायचंय ना तुला? मग आजपासूनच लावायला नको का सवय? ऐन वेळी पोर आकांत करेल."

बाटलीला नाही तर नाही, चमच्याने तरी घेईल, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी चिमणीला मांडीवर घेतलं, गळ्याशी फडकं बांधलं, चमचा ओठांना लावला. चिमणीने आईकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं, आणि मान फिरवली. दुसऱ्यांदा ओठ घट्ट मिटले. तिसऱ्यांदा चमचा उडवून लावला. दूध सासूबाईंच्या पदरावर सांडलं आणि चिमणीने आईकडे हात पसरून टाहो फोडला.

"तू जा बरं बाहेर," सासूबाई म्हणाल्या. "तू दिसतेस तोवर ती माझ्याकडून घ्यायची नाही. वासही येतो त्यांना. दार लावून घे."

ती बाहेर आली. दार ओढून घेतलं. कडी लागली की नाही हे बघायला हात पुढे गेला आणि तसाच राहिला.

आतून रडणं येत होतं. ते दाराला टेकून ऐकताना तिच्या छातीत दूध भरून आलं, ब्लाउज दोन्हीकडे ओला झाला. सासूबाई काहीतरी गुणगुणत होत्या, चमचा वाटीवर वाजवत होत्या, माझं बाळ गं ते, माझं शहाणं गं ते. रडणं वाढलं. नको घेऊस, तपासताई दाराला कपाळ लावून मनात म्हणाली. शहाणी माझी ती. अजिबात घेऊ नकोस. कुणी काहीही लावू दे ओठांना.

रडणं जरा उतरलं. हुंदके राहिले. मग एक हुंदका अर्ध्यावरच थांबला, आणि त्या शांततेत चमचा वाटीला लागल्याचा बारीक आवाज आला. मग पुन्हा. मग पुन्हा.

"घेतलं गं!" आतून सासूबाईंचा आनंदाने फुटलेला आवाज आला. "अगं, घेतलं बघ पोरीने! ऐकतेस ना?"

"हो," ती म्हणाली. "ऐकतेय, आई."